आजारी मांजरीचा हक्क



अशा एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. अब्बांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन आठवडे झाले आहेत. ते रुग्णालयातून घरी आले असले, तरी कूस बदलायलाही त्यांना दोन माणसे लागतात. थोरल्या मुलाची आखातातील नोकरी सुटून तो परत आला आहे. धाकटी मुलगी दहावीला आहे. घराचा सारा भार अम्मीच्या अंगावर आहे. आणि याच घरात बारा वर्षांची एक मांजरी आहे. तिची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत चालली आहेत. ती सारखी पाणी पिते, ठिकठिकाणी लघवी करते, अन्नाला तोंड लावत नाही, मधूनच उलटी करते. पाठीवरून हात फिरवला तर हाडे लागतात. म्हाताऱ्या मांजरांना होणारा हा नेहमीचा आजार आहे. तो पूर्ण बरा होत नाही; पण योग्य आहार, औषध आणि त्वचेखाली दिलेले सलाइन यांच्या आधाराने मांजर काही महिने, कधी कधी काही वर्षेही बऱ्यापैकी सुखात काढते, असे पशुवैद्य सांगतात.

एके सकाळी फज्रच्या वेळी जानमाज ओली झालेली आढळते. थोरला मुलगा चिडून म्हणतो, “इथे माणसांचेच होत नाही, मांजरीचे कोण बघणार? पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून येतो. तिथे पोट तरी भरेल तिचे.”

हे बोलणारा मुलगा निर्दयी नाही. तो थकलेला आहे, आणि त्याने विचारलेला प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याला नुसते रागावून गप्प करणे योग्य नव्हे. घरावर संकट आले असता मुक्या जनावराचा हक्क कितपत उरतो, याचे उत्तर आपण धर्माच्या शिकवणीतून शोधले पाहिजे.

दोन वाटा, त्यांतील एक बंद

मांजरीच्या संदर्भातील सर्वांत परिचित हदीस हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली आहे. ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाऊन जगावे म्हणून मोकळेही सोडले नाही. ते मांजर मेले आणि ती स्त्री नरकाग्नीच्या शिक्षेस पात्र ठरली.

या हदीसचा शब्द नीट पाहिला, तर त्या स्त्रीपुढे दोन वाटा होत्या, असे दिसते. एक, स्वतः खाऊ घालण्याची. दुसरी, मोकळे सोडण्याची. तिने दोन्ही बंद केल्या, हा तिचा अपराध. आता आपला मुलगा म्हणेल, “मी तर दुसरी वाट धरतो आहे. मी तिला कोंडत नाही, सोडतो आहे.”

परंतु मोकळे सोडणे ही वाट का आहे? कारण धडधाकट मांजर बाहेर आपले पोट भरू शकते. ज्या मांजरीने बारा वर्षे घरातल्या वाडग्यातून खाल्ले, जिचे दात झिजले, जिला दोन उड्यांत धाप लागते, तिला मासळी बाजारात सोडणे म्हणजे मोकळे करणे नव्हे. तिथे कुत्री आहेत, तिथली धट्टीकट्टी मांजरे आहेत, वाहने आहेत. जी ताजी मासळी समोर ठेवूनही हुंगून मागे फिरते, तिचे पोट बाजारात कसे भरेल? तिच्यासाठी दुसरी वाट आजाराने आधीच बंद केलेली आहे. एक वाट बंद झाली की उरलेल्या वाटेची जबाबदारी दुप्पट होते. दार उघडे असले तरी जो जीव त्या दारातून बाहेर जाऊन जगू शकत नाही, तो आपल्या ताब्यातच असतो.

उपयोग संपला म्हणून हक्क संपत नाही

सातव्या हिजरी शतकातील थोर शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क मोजून लिहिले आहेत. त्यांचे निधन हिजरी 660 मध्ये, म्हणजे इसवी सन 1262 मध्ये, झाले. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे अनुयायी आहेत, त्याच परंपरेतील हे नाव आहे. जनावरावर कुवतीबाहेर ओझे लादू नये, त्याची बसण्याची व पाणी पिण्याची जागा चांगली ठेवावी, त्याच्या पिलांना त्याच्या डोळ्यांदेखत जबह करू नये, असे अनेक हक्क त्यांनी सांगितले. त्या यादीच्या आरंभीच त्यांनी खर्चाचा हक्क ठेवला आहे. जनावर म्हातारे झाले किंवा असे आजारी पडले की त्याच्यापासून कोणताच लाभ उरला नाही, तरीही मालकाने त्याच्या गरजेइतका खर्च करावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

आपल्या घरातील मांजरी आता उंदीर धरत नाही, खेळत नाही, मुलांच्या मांडीवर येऊन बसत नाही. लाभाच्या वहीत तिचे पान कोरे झाले आहे. आणि नेमके याच पानावर इमामांनी बोट ठेवले आहे.

येथे थोडे थांबून त्या घराकडे पुन्हा पाहा. मुलगा जे बोलला, ते पलंगावर पडलेल्या अब्बांनीही ऐकले. त्यांचाही उजवा हात आता हलत नाही. त्यांचीही चादर रात्री ओली होते. कमावणारा माणूस एका दिवसात खर्चाची बाब होऊन बसला आहे. मुलाच्या मनात बापाविषयी तसा विचार स्वप्नातही नसेल. परंतु अब्बा त्या वाक्यात स्वतःला ठेवून पाहिल्याशिवाय राहिले असतील काय?

माणसाचा हक्क आणि मांजरीचा हक्क यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, याविषयी शंका नसावी. पण तराजू एकच असतो. “उपयोगाचा आहे तोवर आपला” हे माप घरात एकदा वापरात आले, की ते मांजरीपाशी थांबत नाही. उद्या ते म्हाताऱ्या फुफीपर्यंत जाते, परवा आपल्यापर्यंत येते. त्याउलट, ज्या घरातील मुले निरुपयोगी झालेल्या मुक्या जीवासाठी वेळेवर वाडगा भरला जाताना पाहतात, त्यांना आई-वडिलांच्या सेवेचे वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

क्रम आणि कुवत

आता दुसरी बाजू. दयेच्या नावाखाली माणसांचे हक्क मारणे हेही इस्लामला मान्य नाही. आई-वडील, पत्नी, मुले यांचा खर्च आधी. अब्बांचे औषध थांबवून मांजरीच्या महागड्या तपासण्या करणे हे पुण्य नव्हे, क्रमाची चूक आहे. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावले होते, की रबचा आपल्यावर हक्क आहे, स्वतःच्या देहाचा आहे, कुटुंबाचाही आहे, म्हणून ज्याचा जो हक्क, तो त्याला द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या म्हणण्याला दुजोरा दिला (बुखारी). कुवतीपलीकडचा भार अल्लाह कोणावरही टाकत नाही, ही तर सूरह बकराच्या अखेरच्या आयतीतील हमी आहे.

मग संकटकाळी कर्तव्य संपत नाही, ते लहान होते. किती लहान? ताजे पाणी दोन-तीन ठिकाणी भरून ठेवणे, कारण या आजारात पाणी हेच मोठे औषध आहे. मीठ-मसाला नसलेले, पचेल असे थोडे थोडे अन्न. पशुवैद्याने ठरवून दिलेली, आपल्याला परवडतील तीच औषधे. न परवडणारी असतील तर तसे संकोच न करता सांगून दुसरा मार्ग विचारणे. एक शांत कोपरा, कारण घरातील धावपळ व पाहुण्यांची वर्दळ यांचा मांजरांवर फार ताण येतो. लघवीसाठी माती किंवा वाळूचे पसरट भांडे, नमाजच्या जागेपासून दूर आणि तिला सहज चढता येईल असे. मांजर ज्या पाण्याला तोंड लावते ते नापाक होत नाही, पण तिची लघवी नापाक आहे. तेव्हा जानमाज घडी करून वर ठेवावी आणि ओली जागा धुवावी. चूक मांजरीची नाही, अंथरून ठेवलेल्या जानमाजेची आहे.

दोन गोष्टी मात्र कितीही गडबड असली तरी विसरू नयेत. माणसांच्या औषधांनी भरलेल्या घरातून एखादी गोळी अंदाजाने मांजरीला देऊ नये. तापावरची साधी पॅरासिटामॉलची गोळीही तिचा जीव घेते. आणि तिने एक-दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर “खाईल उद्या” म्हणून थांबू नये, पशुवैद्याला विचारावे. मांजराला उपास सोसत नाही.

एवढेही जमत नसेल, तर फुकहांनी आणखी एक दार दाखवले आहे. ज्याला जनावर पोसण्याची ऐपत नाही, त्याने ते पोसू शकणाऱ्याच्या हवाली करावे. बहीण, शेजारी, एखादी प्राण्यांची काळजी घेणारी संस्था, जो कोणी स्वीकारील त्याला आजाराची पूर्ण कल्पना देऊन अमानत सोपवणे यात काहीच गैर नाही. सोपवणे आणि टाकणे यांतील फरक एवढाच, की सोपवताना समोर घेणारा हात असतो.

हा हात कोणाचा?

आतापर्यंत सांगितलेली कामे वाचताना आपल्या मनात कोणाचा चेहरा आला? बहुतेक अम्मीचाच. अब्बांची कूस बदलणारी तीच, डबा करणारी तीच, आणि मांजरीला सलाइन लावताना तिला धरून ठेवणारीही तीच. “मांजरीचे कोण बघणार?” या प्रश्नाचा खरा अर्थ पुष्कळदा “अम्मी आणखी किती बघणार?” असा असतो. हे दुखणे खरे आहे. मात्र त्यावर उपाय मांजरीला बाजारात सोडणे हा नव्हे, कामे वाटून घेणे हा आहे.

प्रेषित (स.) यांच्या झग्यावर मांजर झोपले होते आणि त्यांनी तेवढी बाही कापली, ही कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. प्रमाणित हदीस संग्रहांत ती आढळत नाही. तिची गरजही नाही, कारण त्याहून साधी आणि प्रमाणित हदीस आपल्यापाशी आहे. हजरत अबू कतादा (रजि.) हे वयाने व मानाने वडीलधारे. त्यांची सून कब्शा हिने त्यांच्यासाठी वजूचे पाणी ओतले. तेवढ्यात एक मांजर आले. त्यांनी स्वतः भांडे कलते केले आणि मांजर पिऊन होईपर्यंत तसेच धरून ठेवले. सून आश्चर्याने पाहत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले, की प्रेषितांनी मांजराला नापाक म्हटले नाही. ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे म्हटले (अबू दाऊद, तिर्मिजी). “वावरणारे” या अर्थाचा हाच शब्द कुरआनने सूरह नूरमध्ये घरात सतत ये-जा करणाऱ्या सेवकांसाठी व मुलांसाठी योजला आहे. मांजराला घरातल्यांमध्ये गणणारा हा शब्द आहे. आणि या घटनेत भांडे धरणारा हात सुनेचा नाही, सासऱ्याचा आहे.

स्वतः प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, हे माता आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे (बुखारी). मग नोकरी सुटून घरी आलेल्या मुलाने त्वचेखाली सलाइन देणे पशुवैद्याकडून शिकून घेतले, तर त्यात कमीपणा कसला? दहावीच्या मुलीने अभ्यासातून उठून वाडगा भरला, तर दोन मिनिटे जातील. अब्बांचा डावा हात चालतो. मांजरी त्यांच्या पायाशी येऊन बसली, तर तिच्या पाठीवरून तो फिरू शकतो. कदाचित त्या घरात अब्बांकडून काही अपेक्षा करणारा तो एकच जीव असेल.

शेवट येईल तेव्हा

या आजाराचा शेवट माहीत आहे. एक दिवस सलाइनही उपयोगी पडणार नाही. असह्य वेदनेतून सोडवण्यासाठी इंजेक्शनने मरण द्यावे काय, याविषयी आलिमांची मते एक नाहीत. अशा वेळी पशुवैद्याचे मत घेऊन विश्वासू आलिमांचा सल्ला घ्यावा. मात्र त्याआधी स्वतःच्या नियतीला एक प्रश्न विचारावा : सुटका तिची हवी आहे, की आपली? कंटाळ्याला दयेचे नाव देऊ नये.

आपल्या हातून कमी पडले, याची खंत पुढे पुष्कळांना छळते. ज्याने कुवतीप्रमाणे केले, त्याने ती खंत बाळगू नये. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला आणि आपला मोजा पाण्याने भरून वर आला. त्याच्याजवळ भांडेही नव्हते. जे होते, त्यातूनच त्याने पाणी पाजले. अल्लाहने त्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली (बुखारी, मुस्लिम). आपल्या अडचणीच्या दिवसांत आपल्याकडे भांडे नसेल. मोजा तरी आहे.

अल्लाह आपल्या घरांतील आजारी माणसांना शिफा देवो, त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ देवो, आणि जे बोलू शकत नाहीत त्यांचे हक्क ओळखण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.