सुतकातला खेळ

इ. स. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास, गणपतीचे विसर्जन आटोपून थकून झोपलेल्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यावर आणि लगतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा तालुक्यावर भूकंपाचा घाला पडला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची कित्येक गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली, आणि ऊन, वारा, थंडी यांपासून रक्षण व्हावे म्हणून वाडवडिलांनी रचलेल्या दगडमातीच्या जाड भिंती व मातीने लादलेली जड माळवदे हीच हजारो जिवांची थडगी ठरली. या घटनेला सव्वा महिना झाला असेल नसेल, तोच 7 नोव्हेंबरपासून भारत, वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका आणि झिंबाब्वे या पाच देशांच्या संघांची एकदिवसीय क्रिकेटची स्पर्धा आपल्या देशात सुरू झाली. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेली ही स्पर्धा ‘हीरो चषक’ या नावाने ओळखली जाते. पंचनामे आणि मदतीचे अर्ज यांनी कचेऱ्यांची दप्तरे भरत असताना, उरलेल्या देशाचे कान धावसंख्येकडे लागले होते. ज्या भूमीवर शोक पसरला आहे तिथल्या माणसाने अशा वेळी खेळात रमावे काय, आणि रमल्यास तो दोष होय काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

धर्मशास्त्राकडे जावे तर ते आपल्या समजुतीहून अधिक उदार निघते. सुतकाला त्याने मुदत घालून दिली आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत तर आप्तांनी ढाळलेले अश्रू परलोकवासी जीवाला नाइलाजाने गिळावे लागतात, म्हणून रडणे आवरून उत्तरक्रियेला लागावे, असा अभिप्राय आहे. शोकाला हद्द असावी हे शास्त्राला मान्य आहे. परंतु घरातील एक माणूस गेल्यावर पाळावयाचे हे नियम, ज्या घरात सुतक पाळावयासही कोणी उरले नाही त्या घराला कसे लावावयाचे, याचा विचार स्मृतिकारांना करावा लागला नव्हता.

खरी अडचण त्यापुढची आहे. जगाची उत्पत्ती ही परब्रह्माची केवळ लीला होय, असे बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत सांगितले आहे. सर्व इच्छा पूर्ण झालेला राजा जसा कोणत्याही प्रयोजनावाचून क्रीडा करतो तसे हे आहे, असा दृष्टान्त शंकराचार्यांनी त्यावर दिला. लगेच पुढच्या सूत्रात, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, ही शंका सूत्रकार स्वतःच उपस्थित करतो, आणि जीवांच्या पूर्वकर्माकडे बोट दाखवून तिचे निरसन करतो. आक्षेप न लपवण्याच्या त्या प्रामाणिकपणाविषयी मला अतीव आदर आहे. पण आदल्या रात्री ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून देवाला निरोप देणारे पोर पहाटे माळवदाखाली सापडावे आणि त्याच्या मागल्या जन्माच्या दप्तरातून याचा खुलासा काढावा, हे उत्तर तर्काशी कितीही सुसंगत असले तरी माझ्या गळी उतरत नाही. त्या खेळात गड्याला नियम ठाऊक नसतात, डाव केव्हा सुरू झाला ते कळत नाही, आणि दाद मागावी असे न्यायासन कोठेच नसते.

आता 24 नोव्हेंबरच्या रात्री कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, दिव्यांच्या प्रकाशात तेथे प्रथमच झालेला उपांत्य सामना पाहा. अझरुद्दीनच्या 90 धावांच्या आधारावर भारताने 195 धावा केल्या होत्या. अखेरच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या होत्या, आणि वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरने चेंडू हाती घेऊन तीनच दिल्या. दोन धावांनी पराभूत झालेला संघ अर्थातच हळहळला असेल, पण तो सुखरूप आपल्या देशी परतला. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात अनिल कुंबळेने 12 धावांत सहा गडी बाद केले, वेस्ट इंडीजचा डाव 123 धावांत आटोपला, आणि तरीही त्यांच्यापैकी कोणाचे काही कायमचे हरवले नाही. (या स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून सरकार आणि संघटना यांच्यात जुंपलेला तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1995 साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निवाडा दिला. आकाशासंबंधी फिर्याद चालते. पायाखालच्या धरणीवर मात्र कोणी ती दाखल करावी?) नियम आधी ठरलेले, पंच डोळ्यांसमोर उभा, षटके मोजकी आणि पराजयाची शिक्षा मर्यादित, असे एवढेसे जग माणसाने निर्माण केले, ते ईश्वरी लीलेचे अनुकरण म्हणून नव्हे. त्या लीलेविरुद्ध माणसाने नोंदवलेली ती एक विनम्र तक्रार आहे, असे मी समजतो.

शोक आणि क्रीडा यांचे सख्य पाहावयाचे तर किल्लारीहून फार लांब जावयास नको. नांदेडला गोदातीरी सचखंड हजूर साहिब आहे. चमकौर येथे दोन आणि सरहिंद येथे दोन असे चारही पुत्र गमावलेल्या गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली येथेच देह ठेवला, आणि गुरुपदाचा अधिकार ग्रंथसाहिबाकडे सोपवला. ज्या गुरूंनी आनंदपुरी होळीला होला महल्ल्याच्या शस्त्रक्रीडेचे रूप दिले, त्यांच्याच निर्वाणभूमीत दसऱ्याला व होळीला निशाणे, घोडे आणि नंग्या तलवारी घेऊन हल्लाबोलची मिरवणूक निघते. तेथे समाधीची मर्यादा आणि खेळाचा आवेश एकाच अंगणात नांदतात, आणि त्यात विसंगती आहे असे भाविकांना कधी वाटलेले नाही.

एक अट मात्र मी आवर्जून घालीन. जो दूरस्थ आहे, ज्याचे छप्पर शाबूत आहे, त्याने आधी आपला वाटा उचलावा, धान्य, पैसा वा श्रम पोहोचवावे, आणि मगच सामन्याचा आनंद लुटावा, कारण ऋण न फेडता केलेली मौज शेजारधर्माला सोडून आहे. ज्याने स्वतःच सर्वस्व गमावले त्याला ही अटही लागू नाही. त्या नोव्हेंबरात पत्र्याच्या निवाऱ्यात बसून कोणी शेवटच्या षटकाला कान दिला असेल आणि विजयाची आरोळी ठोकली असेल, तर त्याला शास्त्राने, शेजाऱ्याने किंवा त्याच्या स्वतःच्या मनानेही दोषी धरू नये.