चाप आणि कर्ता

ग्लॉक 17 आणि कोल्ट 1911 ही दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं. एका चापाला एक गोळी, पुढची गोळी आपोआप नळीत. पण डोळे मिटून चाप दाबला तरी जाणकाराला कुठलं पिस्तूल हातात आहे ते कळतं. 1911चा चाप सरळ मागे सरकतो, थोडकं अंतर जातो आणि काच तडकावी तसा तुटतो. ग्लॉकचा चाप खिळीभोवती फिरतो. आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आघात करणारी कांडी, अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण नेमबाजाच्या बोटाने द्यायचा, त्यामुळे ती ओढ रबरी लागते. मग हौशी मंडळी कनेक्टर बदलतात, हलकी स्प्रिंग बसवतात, घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत करून घेतात. कारखान्यातून सुमारे अडीच किलोची ओढ घेऊन आलेलं पिस्तूल दीड किलोवर येतं. या सगळ्या खटपटीकडे छंद म्हणून पाहिलं तर विषय तिथेच संपतो. पण एक जुना प्रश्न त्यात दडलेला आहे: इच्छा आणि कृती यांच्या मध्ये किती अडथळा असावा, आणि तो कुणी ठेवावा?

न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने या प्रश्नाचं उत्तर स्प्रिंगवर सोपवलं. 1990च्या दशकात तिथल्या शिपायांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरऐवजी 9 मिलिमीटरची पिस्तुलं आली, आणि चुकून गोळी सुटू नये म्हणून दलाने चापाची ओढ 12 पौंडांवर, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंवर नेली. ग्लॉकच्या नेहमीच्या ओढीच्या दुपटीहून जास्त. हेतू चांगला होता. घाबरलेल्या माणसाचं बोट अवजाराने अडवावं. 24 ऑगस्ट 2012ला एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका सशस्त्र खुन्यावर दोन पोलिसांनी 16 गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावरची नऊ माणसं पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. जड चाप ओढताना नळी हलते, नेम ढळतो, असा आक्षेप तेव्हा पुन्हा वर आला. त्या दिवशीचा दोष चापाचा की भीतीचा, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढं मात्र दिसलं की अवजारात भरलेली सावधगिरी सगळ्यांच्याच बाजूने उभी राहते असं नाही.

खेळाच्या मैदानात हिशेब निराळा. 25 मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारात .22 बोअरची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं चालतात, आणि चापाची ओढ किमान 1000 ग्रॅम असावी लागते. स्पर्धेत तपासणीस पिस्तुलाची नळी उभी धरतो, चापाला वजन अडकवतो आणि उचलतो. वजन उचललं गेलं पाहिजे, घोडा सुटता कामा नये. वाल्टर जीएसपीमध्ये चापाची सगळी यंत्रणा एका पेटीसारखी काढून दुसरी बसवता येते. इटलीच्या पार्दिनीत बारीक स्क्रूंनी पहिल्या टप्प्याची लांबी, तुटण्याचा क्षण, त्यानंतरची मोकळी हालचाल असं सगळं जुळवता येतं. वजन काट्यावर सारखंच, 1000 ग्रॅम. पण एकाचा चाप बोटाला हलका वाटतो, दुसऱ्याचा जड. काटा ओढ मोजतो, बोट तिची चाल मोजतं.

आणि इथेच गुरुजन एक विचित्र वाटणारी शिकवण देतात. चाप ओढू नका, दाब वाढवत राहा, गोळी कधी सुटली याचं तुम्हालाच आश्चर्य वाटलं पाहिजे. कारण ‘आता!’ असं मनाने म्हटलं की मनगट आधीच दचकतं. चांगला चाप म्हणजे या आश्चर्याला वाट देणारा चाप. मग गोळी झाडली कुणी?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 28 जुलै 2024ला 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्य जिंकल्यावर मनू भाकरने गीतेचं नाव घेतलं: आपलं काम करायचं, फळावर ताबा नसतो, हेच मनात होतं. बातम्यांतून हे वाक्य खूप फिरलं, पण गीतेतली तिला अधिक लागू पडणारी जागा अठराव्या अध्यायात आहे. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. करण म्हणजे मूळ अर्थाने इंद्रियं, पण नेमबाजाच्या बाबतीत ती बोटापाशी संपत नाहीत, चापापर्यंत जातात. 2021मध्ये टोकियोत पात्रता फेरी चालू असतानाच मनूचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. कर्ता तोच, चेष्टा तीच, करण रुसलं. पाचांतला मी फक्त एक, हे त्या दिवशी तिला कुठल्या टीकाग्रंथाने समजावून सांगावं लागलं नसेल.

या पाच कारणांनंतर लगेच गीतेत येतो तो श्लोक मात्र धारदार आहे. ज्याच्यात ‘मी केलं’ हा भाव नाही, त्याने मारलं तरी तो मारत नाही. नेमबाजाच्या आश्चर्याला हे तत्त्वज्ञान चपखल बसतं, आणि म्हणूनच सावध व्हावं लागतं. 1924 ते 1929 या काळात सेंदाईत शिकवायला असलेला जर्मन प्राध्यापक ऑयगेन हेरिगेल तिथल्या अवा केन्झो या गुरूकडे धनुर्विद्या शिकला. बाण आपण सोडायचा नाही, तो सुटला पाहिजे, हा त्याच्या 1948च्या पुस्तकाचा गाभा; जगभर लाखो लोकांनी ते वाचलं. हाच हेरिगेल 1937मध्ये नाझी पक्षात गेला आणि युद्धाच्या अखेरीस एर्लांगेन विद्यापीठाचा कुलगुरू होता. धनुष्यातून अहंकार गळून पडला म्हणजे माणूस कुठल्या रांगेत उभा राहतो, याची हमी मिळत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचं सुवर्ण इथे उपयोगी पडतं. 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात तिची थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्येही लगेच निकाल लागला नाही. या प्रकाराच्या जलद टप्प्यात हात खाली असतो, खूण झाली की तीन सेकंदांत हात वर, नेम, गोळी. तीन सेकंदांत आश्चर्याची वाट पाहत बसता येत नाही. गोळी सुटते ती आज्ञेने, तरी मनगट दचकत नाही, कारण ही आज्ञा सरावाच्या खोलीत, रिकाम्या पिस्तुलावर, हजारो वेळा आधीच दिलेली असते. चाप तुटण्याच्या क्षणी कर्ता दिसत नाही, याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. तो मागे सरकलेला असतो: सरावात, पिस्तूल निवडण्यात, स्प्रिंग बदलण्यात, नळी कुणाकडे वळवायची हे ठरवण्यात. ‘मी मारत नाही’ म्हणायचा अधिकार असेलच, तर तो या सगळ्या मागच्या निर्णयांचा हिशेब दिल्यावर. टिळकांनी 1915च्या ‘गीतारहस्या’त कर्माची पारख कर्त्याच्या बुद्धीवरून करायला सांगितली, ती याच अंगाने वाचावी.

भारतीय कायदाही मागेच बघतो. अपघाताचं कलम, पूर्वी दंड संहितेत 80वं आणि आता न्याय संहितेत 18वं, कुऱ्हाडीचं उदाहरण देतं: काम करताना पातं निसटलं, जवळचा माणूस मेला, पण काळजी घेण्यात कसूर नव्हती, तर तो गुन्हा नाही. पातं घट्ट होतं का, हा प्रश्न घाव घालण्याच्या आधीचा आहे. घरी बसून चाप हलका करून घेणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारता येतो.

नेमबाजीचा तपासणीस मात्र असलं काहीच विचारत नाही. स्क्रू खेळाडूने मुद्दाम सैल केला की कंपनाने आपोआप हलला, याची चौकशी नाही, बुद्धीची पारख नाही, काळजी किती घेतली याची नोंद नाही. फेरी संपल्यावरच्या तपासणीत 1000 ग्रॅमचं वजन उचललं गेलं नाही, तर खेळाडू अपात्र.