नेत्रतज्ज्ञाला मण्यार कशाला कळायला हवी?

पूर्वपक्ष असा : साडेपाच वर्षे एमबीबीएस, सरकारी कॉलेजात शिकल्यास पुढे वर्षभर बंधपत्रित सेवा, मग तीन वर्षे एमडी-एमएस. ज्याला जन्मभर डोळे, त्वचा किंवा एक्स-रेच पाहायचे, त्याला मेडिसिनच्या वॉर्डात आणखी कशाला अडकवायचे? अमेरिकेत या शाखांकडे जाणाऱ्यांना आधी एक वर्ष मेडिसिन, सर्जरीसारख्या मूळ विषयांत काढावे लागते, म्हणून आपणही काढायचे? आक्षेप हलका नाही. शेतकऱ्याच्या घरी वाढीव वर्ष म्हणजे कर्जाचेही वाढीव वर्ष. तरीही उत्तर रुग्णापासून सुरू करायला हवे. आखाड्यावर जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. फारसे दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण सापडेलच असे नाही. सकाळी पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-औंढ्याकडचा हा माणूस सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. तिथे चष्म्याचा नंबर तपासत बसले, तर तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. फवारणीच्या विषबाधेतही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लक्षण डोळ्यात, आजार डोळ्याबाहेर.

‘पण हे इंटर्नशिपमध्ये शिकवतातच की!’ शिकवतात, २०२१च्या नियमांत मेडिसिनला सहा आठवडे आहेत. त्यातले बरेचसे रक्त काढण्यात आणि रिपोर्ट आणण्यात जातात, उरलेले नीट-पीजीच्या पुस्तकात. शिवाय शाखा गुणांवर आणि इंटर्नशिपनंतर मिळते. भावी नेत्रतज्ज्ञ कोण, हे त्या वर्षात त्यालाही ठाऊक नसते. म्हणून हे मेडिसिन शाखा ठरल्यावरच शिकवावे लागेल. मात्र वर्ष वाढवण्याला माझा विरोध आहे, मेडिसिन वाढवण्याला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा नियम २०२१च्या तुकडीपासून लागू आहे. डोळे, त्वचा, रेडिओलॉजीवाल्यांचे हे महिने तिथल्या मेडिसिन वॉर्डात जावेत. मोतीबिंदूवर हात बसायला शस्त्रक्रियाच कराव्या लागतात, त्यात तीन महिने घटतील, हे मान्य. पण छत्तीसातले तीन महिने देऊन पुढच्या तीस वर्षांचे रुग्ण सुरक्षित होत असतील, तर सौदा महाग नाही. अट एकच : रात्री हाकेच्या अंतरावर अनुभवी फिजिशियन हवा. तो नसेल तर हे शिक्षण नव्हे, स्वस्तातली वेठबिगारी, आणि मग पूर्वपक्षच खरा.

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागांची पहिली तुकडी २०२४मध्ये आली. त्यातले नेत्रतज्ज्ञ कोण, हे २०३०च्या सुमारास ठरेल. नियम दुरुस्त करायला तेवढा अवधी पुरेसा आहे.