झिजलेला अंगठा

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाटसमधल्या एका रेशन दुकानासमोर मी रांगेत उभा होतो. पुढे शेजारच्या खाला होत्या. वय सत्तरीच्या पुढे, आणि सारी हयात दुसऱ्याच्या रानात ऊस-कांदा खुरपण्यात गेलेली. दुकानदाराने यंत्र पुढे केले. खालांनी अंगठा ठेवला, पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग शेजारचे बोट, मग डावा हात. ओळख काही पटेना.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "खाला, मी वळखतो तुम्हाला, पर मशीन वळखत न्हाय. मी काय करू?"

खाला रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "काम कर करके घिस्या बाबा अंगूठा. चोरी करके नै."

नंतर माझा नंबर आला. अडतीच्या दुकानात हिशेब लिहिण्यात माझे आयुष्य गेले. माझा अंगठा पहिल्याच दाबाला उमटला आणि धान्य मिळाले. घरी येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता : आपण भुकेले आहोत हे सिद्ध करण्याचा बोजा कुणावर असावा? भुकेल्यावर, की देणाऱ्यावर?

मी बहात्तरच्या दुष्काळात वाढलेला मुलगा. तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी या दोन्हींची चव अजून जिभेवर आहे. तेव्हा गरज सिद्ध करायची ती उन्हात खडी फोडून. पुढे रेशनची गरज कागदावर आली. १९९७ मध्ये 'सर्वांना रेशन' ही कल्पना मागे पडून दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे दोन भाग झाले. १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मात्र एक मोठी गोष्ट केली. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक ठरवला. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो. जानेवारी २०२३ पासून तेही पैसे गेले, धान्य मोफत झाले.

इथेच एक गफलत होते. मोफत म्हटले की देणाऱ्याला ती खैरात वाटू लागते आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. खैरात द्यायची की नाही ही देणाऱ्याची मर्जी असते. हक असेल तर मर्जीचा प्रश्नच येत नाही. ई-केवायसीची मुदत वाढवून मिळाली की आपण सरकारचे आभार मानतो. पण आपल्याच ताटाची मुदत आपण मागून घेतो आहोत, हे ध्यानात येत नाही.

तपासणी नकोच, असे मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचलले गेले, पोतीच्या पोती काळ्या बाजारात गेली, हे कोणत्या गावाला ठाऊक नाही? पण व्यवस्थेची चूक दोन तऱ्हेची असते. एक, नको त्याला मिळणे. दुसरी, हवे त्याला न मिळणे. पहिल्या चुकीत सरकारचे काही किलो धान्य जाते. दुसऱ्या चुकीत चूल विझते. २०१७ मध्ये झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात आधार जोडले नाही म्हणून कार्ड रद्द झालेल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी गेली. घरचे म्हणाले भुकेने, प्रशासन म्हणाले आजाराने. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने राज्यांना कळवले की केवळ आधार नाही म्हणून कुणाचे धान्य नाकारू नये. पहिल्या चुकीचा हिशेब जमाखर्चात दिसतो. दुसरीचा दिसत नाही, म्हणून साहेबलोक पहिलीलाच जास्त भितात.

ही भीती जुनी आहे. १८७३-७४ च्या बिहारमधल्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने सढळ हाताने तांदूळ पुरवला आणि माणसे वाचवली. त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका त्याच्या माथी आला. १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळात तोच टेंपल बदलला. कामावरच्या गड्याला रोज एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे त्याने ठरवले. मुंबई इलाख्यात मजुरी घटली, तेव्हा हजारो उपाशी माणसे कामे सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आपला दौंड तालुका तेव्हा भीमथडी म्हणून त्याच पुणे जिल्ह्यात होता. दयाळू माणूस दोषाच्या भीतीने कठोर झाला, तर त्याची किंमत भुकेल्याने का द्यावी?

हजरत उमर यांच्याबद्दल एक हकीकत सांगतात. मदीनेबाहेर काफिला उतरला होता, उमर रात्री पहारा देत होते. एक बाळ सारखे रडत होते. आईला विचारले तर ती म्हणाली, याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलांनाच भत्ता देतो. आपण कुणाशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते. फजरच्या नमाजात उमरना रडू आवरेना. नंतर त्यांनी हुकूम काढला : भत्ता जन्मापासून. त्या आईकडे त्यांनी पुरावा मागितला नाही, आपला नियमच तपासला. नियम नीट आहे की नाही हे दफ्तरात कळत नाही, ज्या घरात तो पोचतो तिथे कळते.

आता माझी गोष्ट. कायदा आला तेव्हा ग्रामीण भागासाठी वर्षाला ४४,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरली. सगळ्या घरासाठी दिवसाला सव्वाशेसुद्धा नाहीत. माझा मुलगा कुरकुंभच्या कारखान्यात लागला त्याच वर्षी आम्ही ती ओलांडली. तरी मी धान्य आणत राहिलो. जाड तांदूळ घरात कुणी खाईना, तर दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला विकला. "सगळेच करतात," असे मनाला सांगितले. त्या दिवशी मात्र कळले, खालांच्या अंगठ्यावर जो संशय घेतला जातो तो माझ्यासारख्यांच्या करणीतून आला आहे.

धान्य नको म्हणून मी अर्ज दिला. माझा वाटा खालांच्याच पिशवीत जाईल असे नाही, आणि म्हणून सरकारचे काम संपतही नाही. ज्याचे भागते त्याने न सांगता बाजूला व्हावे, हे आपले काम. कुणी अपात्र आहे हे सिद्ध होईपर्यंत त्याचे धान्य चालू ठेवावे, हे सरकारचे.

पुढे खालांचा नातू मोबाईल घेऊन आला. २०२५ मध्येच चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली होती. दोन-तीनदा डोळे मिटून-उघडून झाले आणि खालांची ओळख पटली. सगळे हसले, खालाही हसल्या. मधल्या महिन्यात त्यांच्या घरी काय शिजले, ते मात्र मी विचारले नाही. विचारायला हवे होते.