अर्धी वीत

वसमतच्या काकांचा फोटो स्टुडिओ बंद झाला, पण कॅमेरा राहिला. सोव्हिएत बनावटीचा झोर्की-४ रेंजफाइंडर, त्यावर ५० मिलिमीटरची इंडस्टार-५० लेन्स, एफ ३.५ची. मिठाच्या डबीच्या झाकणाएवढी. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकावरही ५० मिलिमीटर, एफ ३.५चीच लेन्स होती, हे काका अभिमानाने सांगत.

पुण्याहून पुतण्या आला तो कॅनन ७ गळ्यात घालून. १९६१ सालचं हे जपानी मॉडेल त्याने जुन्या मालातून मिळवलं होतं, आणि त्यावरच्या एफ १.४च्या लेन्ससाठी कितीतरी महिने पगारातून पैसे बाजूला काढले होते.

"काका, तुमच्यापेक्षा ही सहा पट उजेड घेते."

हिशेब बरोबर होता. ५०ला १.४ने भागलं की छिद्राचा व्यास येतो जवळपास ३६ मिलिमीटर, ३.५ने भागलं की १४. उजेड वाढतो तो व्यासाच्या वर्गाने.

"घेते, खरंय," काका म्हणाले. "बदल्यात काय मागते, ते इचारलंस का तिला?"

दुसऱ्या दिवशी दोघं जवळच्या गावात गेले. हळद शिजवण्याचे दिवस. बहुतेकांकडे आता वाफेचे कुकर आलेत, पण या शेतकऱ्याकडे अजून कढई होती. वर हळदीचा पाला, त्यावर ओली गोणपाटं, खाली जाळ. त्याला घरातल्या सातही जणांचा, कागदावरचा एक फोटो हवा होता. माय ऐंशीच्या पुढे गेलेली.

दिवस मावळला. पुतण्याने छिद्र पूर्ण उघडलं, शटर शंभराच्या वर ठेवलं आणि गोणपाट उचलणाऱ्या सुनेवर नेम धरला. वाफ, घाम, जाळाची लाली. त्याने भराभर फोटो काढले.

इथे रेंजफाइंडरची एक गोष्ट सांगायला हवी. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसतं. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी. तिच्यातून जवळचं, लांबचं सगळं सारखंच लख्ख दिसतं. मधल्या छोट्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या आणि बटण दाबायचं. काय धूसर झालं ते फिल्म धुतल्यावर कळतं. दोन मीटरवर, एफ १.४ला, स्वच्छ उमटणारी जागा असते जेमतेम अर्ध्या वितीची. फास्ट लेन्स विकत घेताना माणसं उजेडाचं बोलतात. या अर्ध्या वितीचं कुणी बोलत नाही, आणि खरी किंमत तर तीच असते.

काकांनी तोवर कॅमेरा डोळ्याला लावला नव्हता. ते माणसं लावत होते. "आजी, दोन पावलं पुढं या. दादा, तुम्ही कढईच्या अलीकडं." चार मीटरवर फोकस ठेवला तर साडेतीनपासून पावणेपाच मीटरपर्यंतचं सगळं ३.५ला उमटेल, हे त्यांना पाठ होतं. तेवढ्या पट्ट्यात त्यांनी सातही माणसं बसवली. मग लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकवली, वाफ खाली बसायची वाट पाहिली, अर्धा श्वास सोडला आणि सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यावर शटर दाबलं. आत आरसा आपटत नाही, म्हणून एवढ्या हळू वेगालाही हातातला कॅमेरा कमी हलतो.

छापलेले फोटो घेऊन ते परत गेले. पुतण्याच्या फोटोत सुनेच्या कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब मोजता येत होता. शेतकऱ्याने तो बराच वेळ पाहिला.

"झकास काढलाव. पण आमची माय कुठंय?"

माय होती. सुनेच्या खांद्यामागे, एक पांढुरका डाग.

काकांच्या फोटोत फावड्याचं पातं हललेलं, थोरल्याचे हातही हललेले. पण सातही चेहरे ओळखू येत होते. शेतकऱ्याने बोट ठेवत एकेकाचं नाव घेतलं.

वाटेत पुतण्या म्हणाला, "तुमची लेन्सच चांगली, काका."

काका थांबले. "लेन्सला कशाला मधी आणतोस? माझी तुझ्या हातात असती तरी तू सुनेवरच थांबला असतास. फोटो कुणाचा काढायलोत, ते तू इचारलंच नाहीस."

फोटो दिले त्याच रात्री ते पुन्हा कढईकडे गेले. बाकीचे जेवायला गेलेले. विझत्या जाळापाशी आजी एकटी, हातात शिजलेलं हळकुंड. काकांनी झोर्की उचलला आणि खाली ठेवला. एवढ्या उजेडात ३.५ला अर्धा सेकंद लागला असता, आणि आजी बोलत होती, मान हलवत होती.

"हे माझ्याच्यानं होत नाही. तू काढ."

पुतण्या आजीशेजारी बसला. कढई किती वर्षांची, पहिली हळद कुणी लावली, असं विचारत राहिला. आजी सांगत होती, आणि तो अंतर पाहत होता. चेहरा धरला तर हळकुंड जातं, हळकुंड धरलं तर चेहरा. छिद्र बंद करायला उजेड नव्हता. तो उठून डावीकडे सरकला, आणखी थोडा सरकला, अशा जागी आला की आजीचा गाल आणि तिची मूठ दोन्ही त्याच्यापासून सारख्या अंतरावर पडली. १.४, पंधरावा हिस्सा. आजीने हळकुंड मोडून आत पाहिलं तेव्हा त्याने बटण दाबलं. एकदाच.

शेतकऱ्याने काकांच्या फोटोच्या सात प्रती सांगितल्या. आजीच्या फोटोची एकच, तिनेच मागितलेली. तिने तो डोळ्यांजवळ नेला, चेहऱ्याकडे पाहिलंही नाही, मोडलेल्या हळकुंडावर नख ठेवलं.

"बराबर शिजलंय," ती म्हणाली. "दिसायलंय की यात."