क्रीमवर क्रीम

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे दोन वर्ग रंगवायला निघाले. वर क्रीम, खाली चार फुटांपर्यंत निळा ऑइल पेंट. मधली रेघ मात्र स्वच्छ हवी, एवढीच मुख्याध्यापिकाबाईंची अट. जून तोंडावर आला होता. तात्यांनी एक वर्ग स्वतःकडे ठेवला, दुसरा पुतण्याला दिला.

पुतण्याने साताऱ्याहून भारीतली निळी टेप आणली. तात्यांकडे नेहमीचीच, गावच्या हार्डवेअरच्या दुकानातली पिवळट मास्किंग टेप. ती बघून पुतण्याने मनातल्या मनात निकाल लावून टाकला.

क्रीम वाळल्यावर त्याने टेप चिकटवली, वरून तळवा फिरवला आणि निळ्यात ब्रश बुडवला. तात्यांचं आपलं लांबतच चाललेलं. रेघ जिथे येणार तिथलं खडबडीत प्लास्टर त्यांनी क्रीमच्या आधीच लांबी भरून, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलं होतं. आता पाण्याच्या नळीने लेव्हल काढली, ओल्या फडक्याने धूळ पुसली, भिंत सुकेपर्यंत चहा घेतला. धुळीवर चिकटवलेली टेप धुळीलाच चिकटते, भिंतीला नाही. मग हातभर टेप सोडायची, बसवायची, आणि जिकडे निळा येणार त्या कडेवरून बाद झालेलं एटीएम कार्ड दाबत न्यायचं.

एवढं करून त्यांनी पुन्हा क्रीमचाच डबा उघडला आणि टेपच्या त्या कडेवर पातळ हात ओढला.

पुतण्याला हसू आवरेना. “तात्या, क्रीमवर क्रीम? डोळे तपासून घ्या एकदा.”

“घेऊ की,” तात्या म्हणाले.

नेमका तेव्हाच ठेकेदार आला. त्यालाही ते दिसलं. “बिलात क्रीमचे दोनच हात धरलेत. हा तिसरा कुणाच्या खात्यावर?”

“माझ्या.”

क्रीम सुकलं, मग निळा. टेपकडून खाली ब्रश ओढत, पातळ, दोन हातांत. दुसरा हात ओला असतानाच तात्यांनी टेप स्वतःवरच दुमडत, तिरकी, सावकाश सोडवली. कुठे पहिल्या हाताचा पापुद्रा धरून ठेवतोय असं वाटलं, तिथे आधी ब्लेडचं टोक फिरवलं.

पुतण्याने टेप काढली ती दोन दिवसांनी, सगळं खडखडीत वाळल्यावर. निम्म्या ठिकाणी निळा पापुद्रा टेपबरोबर उचलून आला. उरलेल्या ठिकाणी निळा टेपखालून वर शिरला होता, सगळी कड दातेरी. पुतण्याने टेपला शिव्या घातल्या. या टेपचं आणि शिव्यांचं नातं तसं जुनंच. अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस आली तेव्हा गॅरेजमधले रंगारी रेघेपायी असेच वैतागायचे. तो वैताग कानावर पडल्यावर थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रूने खटपट करून १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. पहिल्या नमुन्यात गोंद फक्त कडांनाच होता. टेप गळून पडली आणि रंगाऱ्याने त्यालाही चार शब्द सुनावले.

“एवढी महाग टेप, तात्या!”

“टेपचा काय दोष? भिंतीला बारीक खड्डे असणारच. त्यातनं रंग आत जायचाच, कुठलीही टेप लाव. म्हणून आधी वरचाच रंग जाऊ द्यायचा. फटी त्याने बुजतात. क्रीमवर गेलेलं क्रीम कुणाला दिसतंय?”

पुतण्याने काही न बोलता पॉलिश पेपर उचलला.

संध्याकाळी ठेकेदार तात्यांच्या वर्गात आला. भिंतीला नाक लावून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ बघितली. तिसऱ्या हाताचं नाव काढलं नाही.

“ग्रामपंचायतीचं कामही असंच करायचंय. टेप कुठली वापरली तेवढं सांगा, पेटीच मागवतो.”

तात्यांनी उरलेलं रीळ त्याच्या हातावर ठेवलं. ठेकेदाराने आतल्या पुठ्ठ्यावरचं नाव दिसेल असा फोटो काढून घेतला.