‘सर’ या पदवीचा अर्थ

राजानें दिलेली पदवी हें गुणांचें पारितोषिक समजावें, कीं कर्तव्याचें बंधन? ‘सर’ हीं दोन अक्षरें कोणाच्या नांवापूर्वीं लागलीं म्हणजे एके काळीं आपल्या घरांतून जें कौतुक होई, त्यांत पारितोषिकाचीच कल्पना असे. परंतु या प्रथेचें मूळ पाहतां उत्तर निराळें मिळतें.

मध्ययुगीन यूरोपांत नाइट होऊं इच्छिणारा तरुण पुष्कळदां आदल्या रात्रीं स्नान करून, शस्त्रें वेदीवर ठेवून, देवळांत जागरण करीत असे. दुर्बळांचें रक्षण व दिल्या शब्दाचें पालन हें त्याचें व्रत समजत. तें सर्वांनीं पाळलें असें इतिहास म्हणत नाहीं. पण तें मोडणाऱ्यास शासन होतें. १३२३ मध्यें अँड्र्यू हार्क्ले या इंग्लिश सरदारास राजद्रोहाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली, तेव्हां प्रथम त्याच्या टाचांचे कांटे तोडून त्याचें नाइटपण काढून घेण्यांत आलें. म्हणजे हा मान एक ठेव होती. ती मालमत्ता नव्हती.

पुढें व्रत मागें पडलें आणि खांद्यावर तलवार टेकविण्याचा विधि तेवढा उरला. १९११ मध्यें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ‘सर’ झाले. त्यांची विद्या त्यायोगें तसूभरहि वाढली नाहीं. १९१४ मध्यें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं असाच मान नाकारला. त्यांची देशसेवा त्यामुळें उणी झाली नाहीं. मग पदवी केवळ पोकळच काय? नव्हे. ती देणारा व घेणारा यांस एका नात्यानें बांधते.

हें नातें किती अवघड होऊं शकतें, तें रवींद्रनाथ ठाकुरांनीं दाखविलें. १९१५ मध्यें त्यांस ही पदवी मिळाली. १३ एप्रिल १९१९ रोजीं जालियनवाला बागेंत निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनीं व्हाइसरॉयांस पत्र लिहून पदवीच्या भारांतून मुक्तता मागितली. अपमानित देशबांधवांच्या शेजारीं भूषणें घालून उभें राहणें त्यांस लज्जास्पद वाटलें. पूर्वीं शब्द मोडणाऱ्या नाइटाची पदवी राजा काढून घेई. येथें देणाराच धर्मापासून ढळला, म्हणून घेणाऱ्यानें ती खालीं ठेवली. दुर्बळांची बाजू घेण्याचें जुनें व्रत त्यांनीं पदवी टाकूनच पाळलें.

मग ज्यांनीं पदवी ठेवली ते सारे दोषी काय? तसें म्हणवत नाहीं. सर शंकरन् नायर यांनीं त्याच वर्षीं, पंजाबांतील लष्करी कायद्याच्या निषेधार्थ, व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळांतील जागा सोडली. पदवी मात्र ठेवली. त्यांचा त्याग लहान कसा म्हणावा? खरी कसोटी पदवी ठेवण्यांत वा टाकण्यांत नसून, ती राखण्यासाठीं आपण किती मौन पाळतों यांत आहे.

१९५० मध्यें अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें लष्करी व विद्याविषयक मानांखेरीज इतर पदव्या देण्यास शासनास मनाई केली. पण सन्मान, पारितोषिकें व मानाच्या जागा उरल्याच आहेत. तेव्हां असा मान हातीं घेतांना, ‘हा परत करण्याची वेळ आली तर माझा हात अडखळेल काय?’ एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून ठेवावें.